निरोप पोचवून निरोप घेणारे कण

२०१९ साली डुकरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डुकराचं हृदय आकाराने आणि ठेवणीने माणसाच्या हृदयाच्या बरंच जवळ जातं, म्हणून हृदयावरचा नवा उपचार माणसापर्यंत येण्याआधी बहुधा डुकरांत तपासून पाहतात. संशोधकांनी या डुकरांना मुद्दाम हार्ट अटॅक आणला, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी काही काळ बंद करून ठेवली. मग हृदयाच्या स्नायूत एक निरुपद्रवी विषाणू टोचला. त्या विषाणूच्या पोटात एक छोटंसं जनुक होतं आणि त्याचं काम एकच: हृदयाच्या स्नायूपेशींना ‘पुन्हा विभागायला लागा’ असा निरोप देणं.

महिनाभराने तपासलं तर मेलेल्या स्नायूचा पट्टा लहान झाला होता, नवा स्नायू आला होता, हृदयाचं आकुंचन सुधारलं होतं. मोठ्या प्राण्याचं हृदय एरवी जे कधीच करत नाही, ते या हृदयांनी करून दाखवलं.

आणि मग त्यातली बहुतेक डुकरं अचानक मेली. हृदयाची लय बिघडून. विषाणूने नेलेलं जनुक पेशींमध्ये ठाण मांडून बसलं होतं आणि तोच निरोप देत राहिलं होतं: विभागा, विभागा, विभागा. अर्धवट घडलेल्या पेशींचे पुंजके चांगल्या स्नायूत घुसले. हृदयाचा ठोका म्हणजे स्नायूभर शिस्तीत पसरणारी विजेची लाट. तिच्या वाटेत हे पुंजके आले आणि लाट भरकटली.

या विषयावर जे काही वाचलं त्यात हा प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटला, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली. औषध लागू पडलं होतं, फक्त ते आवरायची सोय नव्हती. आपल्याकडे ‘निरोप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. निरोप सांगतात आणि निरोप घेतातही. विषाणूने पहिलं काम चोख केलं, दुसरं त्याला येत नव्हतं. ज्या नॅनोकणांबद्दल, म्हणजे औषध पोटात घेऊन जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांबद्दल, मी लिहितोय त्यांना दुसरं चांगलं जमतं. पहिल्यात मात्र, निदान हृदयापुरतं, ते अजून अडखळतात.

भरून न येणारा स्नायू

कातडी कापली तर भरते. यकृताचा मोठा तुकडा काढला तरी उरलेलं यकृत वाढतं. हृदयाचं तसं नाही हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण म्हणजे नेमकं किती? हृदयातली एखादी पेशी तुमच्याबरोबर जन्मली की गेल्या वर्षी, हे तिला विचारणार कसं?

याचं उत्तर अणुबॉम्बने दिलं. १९५० आणि १९६० च्या दशकांत उघड्या वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झालं. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते वर्षागणिक उतरत गेलं. हवेतला हा कार्बन झाडांत जातो, झाडांतून अन्नात आणि अन्नातून आपल्या शरीरात. पेशी जन्मते तेव्हा तिचा डीएनए घडतो आणि पुढे त्यातला कार्बन सहसा बदलत नाही. म्हणजे डीएनएमधलं कार्बन-१४ हा पेशीच्या जन्मसालाचा शिक्काच झाला. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटाने मृत व्यक्तींच्या हृदयपेशींवरचा हा शिक्का वाचला आणि २००९ मध्ये हिशेब मांडला: पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी नव्या येतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्का. उभ्या आयुष्यात निम्म्या पेशीही बदलत नाहीत.

मोठ्या हार्ट अटॅकमध्ये काही तासांत अब्जभर स्नायूपेशी मरू शकतात. वर्षाला टक्काभराच्या चालीने ही तूट कधी भरून निघायची? शरीर मग डागडुजी करतं आणि त्या जागी व्रण तयार होतो. व्रण चिवट असतो, पण तो आकुंचन पावत नाही. त्याच्या वाटणीचं काम उरलेल्या स्नायूवर पडतं. तो आधी जाड होतो, मग ताणला जातो, शेवटी थकतो. यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात. आजची औषधं, अँजिओप्लास्टी, बायपास हे सगळं पुढचं नुकसान टाळण्यात वाकबगार आहे. गेलेला स्नायू मात्र त्यातलं काहीच परत आणत नाही.

तरीही आशा आहे, ती उंदराच्या पिल्लांमुळे. २०११ मध्ये दिसून आलं की एक दिवसाच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं तर तीन आठवड्यांत ते भरून येतं. पिल्लू सात दिवसांचं झालं की नाही. म्हणजे वाढायची अक्कल हृदयाकडे मुळातच असते. पहिल्याच आठवड्यात ती कुलूपबंद होते. आपल्याला बाहेरून काही नवीन आणून बसवायचं नाही, आत असलेलंच थोडा वेळ उघडायचं आहे.

जनुकाला हात न लावता

आपल्या पेशीत प्रथिनं बनवणारी वीसेक हजार जनुकं असतात आणि डोळ्याच्या पेशीत आहेत तीच हृदयाच्या पेशीत असतात. फरक पडतो तो कुठलं जनुक वाचलं जातं आणि किती वाचलं जातं, यामुळे. जनुक वाचायचं म्हणजे डीएनएच्या त्या भागाची आरएनएवर नक्कल काढायची. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ती नक्कल पाहून पेशी प्रथिन बनवते. काम झालं की नक्कल फाडून टाकते, कधी तासाभरात, कधी दिवसा-दोन दिवसांत. मूळ प्रत मात्र पेशीच्या केंद्रकात सुखरूप असते.

जनुक-नियमन करणारे उपचार हात घालतात ते बहुतेक या नकलांना. एखादं प्रथिन कमी पडत असेल तर त्याची नक्कल बाहेरून बनवून द्यायची. करोनाच्या लशींनी हेच केलं. एखादं प्रथिन जास्त होत असेल तर त्याची नक्कल शोधून कापायची. त्यासाठी एकवीस-बावीस अक्षरांच्या जोड्यांचा आखूड दुपदरी आरएनए लागतो. पेशीतली एक प्रथिनयंत्रणा त्याचा एक पदर फेकून देते, दुसरा नमुना म्हणून हातात धरते आणि त्याच्याशी जुळणारी नक्कल दिसली की कापते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका इवल्याशा गोलकृमीत ही यंत्रणा दाखवली आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तिसरा प्रकार मायक्रोआरएनएचा. हेही आखूडच, पण नेम इतका काटेकोर नसतो. एक मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या नकलांवर थोडा-थोडा दाब देतो, म्हणजे एका बटणावर अख्ख्या इमारतीचे दिवे मंद व्हावेत तसं. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये याचा पहिला नमुना मांडला. नोबेलला २०२४ उजाडावं लागलं. डुकरांमधलं ते जनुक मायक्रोआरएनए-१९९ए या बटणाचं होतं. हृदयासाठी मायक्रोआरएनए मोहात पाडणारे आहेत, कारण हार्ट फेल्युअर एका प्रथिनाने होत नाही, त्यात शेकडो गोष्टी एकदम बिघडतात. आणि नेमकं त्याच कारणाने ते धास्ती वाटावी असेही आहेत: आपण ज्यांचा विचारच केला नव्हता ते दिवेही मंद होतात.

जनुकच बदलणारे उपचार निराळे. क्रिस्पर आणि त्याची भावंडं थेट डीएनएमध्ये खाडाखोड करतात आणि ती कायमची असते. त्यांचाही विषय पुढे येणार आहे, कारण तेही याच कणांतून प्रवास करतात.

कणाच्या आत

नुसता आरएनए रक्तात सोडला तर त्याचं आयुष्य काही मिनिटांचं. रक्तात आरएनए कापणारी विकरं (एन्झाइम) असतात, तुकडे झाले की मूत्रपिंड ते गाळून टाकतं. त्यातून वाचला तरी आरएनएवर ऋण भार, पेशीच्या आवरणावरही ऋण भार. दार उघडत नाही. शिवाय बाहेरचा आरएनए म्हणजे विषाणू आला अशी प्रतिकारशक्तीची जुनी समजूत, आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. ही शेवटची अडचण कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये आरएनएची काही अक्षरं रासायनिक रीतीने बदलून बरीच सोडवली. बाकीच्या अडचणींवर उतारा म्हणजे वेष्टन.

ते वेष्टन बनताना पाहण्यासारखं असतं, म्हणजे डोळ्यांना दिसलं असतं तर. एका नळीतून अल्कोहोलमध्ये विरघळवलेले चार प्रकारचे स्निग्ध रेणू येतात. दुसऱ्या नळीतून आरएनए असलेलं आम्लयुक्त पाणी येतं. केसाएवढ्या अरुंद मार्गात दोन्ही धारा एकमेकींना भिडतात आणि अल्कोहोल पाण्यात मिसळतं. पाण्याचं वावडं असलेले स्निग्ध रेणू घाईघाईने एकमेकांना बिलगतात आणि बिलगताना आरएनएला पोटाशी घेतात. काही मिलिसेकंदांत सगळा खेळ संपतो. गोळ्या वळायला कुणी नाही, साचा नाही, तरी कण तयार होतात, आणि तेही जवळपास एकाच मापाचे, ऐंशी ते शंभर नॅनोमीटरचे. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असे सत्तर-ऐंशी कण ओळीने बसतील.

चार रेणूंपैकी कोलेस्टेरॉल आणि एक फॉस्फोलिपिड कणाला घट्टपणा देतात. तिसऱ्याला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची शेपटी असते. ती बाहेर झुलत राहते आणि कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. चौथा रेणू सगळ्यात चतुर. आम्लात असला की त्याच्यावर धन भार येतो, उदासीन पाण्यात तो भार गळून पडतो. बनताना आम्ल असतं, त्यामुळे तो ऋण भाराच्या आरएनएला पकडतो. रक्तात गेल्यावर भार नाहीसा होतो, त्यामुळे तो कुणाला त्रास देत नाही. आणि पेशीत शिरल्यावर त्याला पुन्हा आम्ल भेटतं.

कारण पेशी कण गिळते तेव्हा तो थेट आत मोकळा होत नाही, एका पिशवीत अडकतो. पेशी ती पिशवी हळूहळू आम्लधर्मी करत नेते. आतला माल पचवायची तिची ही रीतच आहे. आम्ल वाढलं की आपला चौथा रेणू पुन्हा धन होतो, पिशवीच्या आवरणाशी झोंबतो, ते फाडतो, आणि आरएनए बाहेर निसटतो. कागदावर हे वाचताना वाटतं, जिंकलो. २०१३ मध्ये यकृताच्या पेशींत प्रत्यक्ष मोजलं तेव्हा गिळलेल्या आखूड आरएनएपैकी जेमतेम एक-दोन टक्केच पिशवीबाहेर पडतात असं दिसलं. उरलेले पचून जातात. आज जी औषधं यशस्वी म्हणून गाजतात ती या एक-दोन टक्क्यांवर चालली आहेत, हे मला अजूनही पटायला जड जातं.

सगळे रस्ते यकृताकडे

असा कण शिरेतून दिला की तो जातो कुठे? यकृतात. दुसरीकडे न्यायचं म्हटलं तरी बहुतांश यकृतातच.

कारण साधं आहे. रक्तात फिरताना कणावर अपोलिपोप्रोटीन ई नावाचं प्रथिन येऊन बसतं. हेच प्रथिन शरीराच्या स्वतःच्या कोलेस्टेरॉलवाहू कणांवर ओळखचिठ्ठीसारखं असतं आणि ती चिठ्ठी पाहून कण आत ओढून घेणं हे यकृताचं रोजचं काम. आपला कणही कोलेस्टेरॉल बाळगणारा, मापानेही फार वेगळा नाही. यकृत त्याला घरचाच समजतं. शिवाय यकृताच्या केशवाहिन्यांच्या भिंतीला साधारण शंभर नॅनोमीटरची छिद्रं असतात. हृदयातल्या केशवाहिन्यांची भिंत सलग, फटी नसलेली. विश्रांतीच्या वेळी हृदय जेवढं रक्त बाहेर फेकतं त्यातलं सुमारे पाव यकृताला मिळतं. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला विसावा हिस्सा. सगळ्या शरीराला वाढणारा हा अवयव स्वतःच्या पानात फार थोडं घेतो. त्यात आणखी एक गंमत: आकुंचन पावताना हृदय स्वतःच्याच रक्तवाहिन्या पिळतं, त्यामुळे डाव्या बाजूच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात.

मग संशोधकांनी शहाणपणा केला. कण यकृतातच जाणार असतील तर हृदयाचं भलं यकृतातून करता येईल का? येतं. हृदयाचे कित्येक आजार यकृतात बनलेल्या वस्तूंमुळे होतात. ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन यकृतात बनतं. काहींमध्ये ते विस्कटून त्याचे धागे मज्जातंतूंत आणि हृदयाच्या स्नायूत साचतात, हृदय कडक होतं. या प्रथिनाच्या नकला कापणारं पॅटिसिरॅन हे औषध अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये या आजाराच्या मज्जातंतूंच्या त्रासासाठी मंजूर झालं. आखूड दुपदरी आरएनएचं ते पहिलं औषध आणि त्याचं वेष्टन स्निग्ध नॅनोकणाचं. दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं, आणि दरवेळी आधी स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीविरोधी औषधं द्यायची, कारण शरीर कणांवर बिथरू शकतं.

दुसरं उदाहरण पीसीएसके९ या प्रथिनाचं. ते यकृताच्या पेशींवरची एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ओढून घेणारी दारं मोडीत काढतं. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय लोकांत जन्मतःच या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या पाहणीत त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी आणि हृदयरोगाचं प्रमाण ८८ टक्के कमी निघालं. निसर्गानेच चाचणी करून ठेवली होती. पीसीएसके९ च्या नकला कापणारं इन्क्लिसिरॅन पहिल्या दोन मात्रांनंतर वर्षातून दोनदा टोचलं की एलडीएल साधारण निम्म्यावर येतं. त्यात नॅनोकण मात्र नाही. आरएनएला यकृताला ओळखू येणारी साखर जोडली आहे, एवढंच.

त्यापुढचं पाऊल म्हणजे हे जनुकच एका इंजेक्शनमध्ये कायमचं बंद करणं. डीएनएचं एक अक्षर बदलणारी यंत्रणा नॅनोकणात भरून, व्हर्व्ह-१०१ या नावाने, जुलै २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये पहिल्या रुग्णाला दिली गेली. एप्रिल २०२४ मध्ये नव्या रुग्णांची भरती थांबली, कारण एका रुग्णात यकृताची विकरं वाढली आणि प्लेटलेट उतरल्या. संशय होता वेष्टनावर. मग आतली यंत्रणा तीच ठेवून बाहेरचा कण बदलला. व्हर्व्ह-१०२ च्या २०२५ मधल्या पहिल्या निकालांत सर्वांत मोठ्या मात्रेवर एलडीएल सरासरी ५३ टक्क्यांनी उतरलं आणि तसा त्रास दिसला नाही. औषधाची बातमी वाचताना आपण आतल्या मालाबद्दलच वाचतो, कागद चाळून फेकून द्यावा तसं वेष्टनाकडे बघतो. इथे वेष्टनच निम्मं औषध असतं.

कायमच्या उपायाची दुसरी बाजूही लिहायला हवी. ट्रान्सथायरेटिनचं जनुक क्रिस्परने बंद करणाऱ्या उपचाराचे २०२१ मधले पहिले आकडे झकास होते. मोठ्या मात्रेवर प्रथिन सरासरी ८७ टक्क्यांनी घटलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच उपचाराच्या पुढच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या, कारण एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाली. तो रुग्ण पुढे दगावला. गोळी बंद करता येते, सलाईन काढता येतं. डीएनएमधली खाडाखोड पुसता येत नाही.

हृदयापर्यंतच्या आडवाटा

हृदयाच्या स्नायूत काही बदलायचं असेल तर यकृताची वाट उपयोगाची नाही. २०२० मध्ये टेक्सासमधल्या एका गटाने दाखवलं की कणांत पाचवा रेणू घालून त्यांचा भार बदलला तर ते मुक्काम बदलतात. धन भार वाढवला की फुप्फुसात, ऋण भार दिला की प्लीहेत. फार सुंदर काम आहे. हृदयाकडे नेणारा असा सोपा भार मात्र त्यात निघाला नाही.

मग उरतात आडवाटा. पहिली, सरळ सुई. बायपासच्या शस्त्रक्रियेत छाती उघडलेलीच असते, तेव्हा नव्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए हृदयाच्या स्नायूत तीस ठिकाणी टोचून पाहिला गेला. कणाशिवाय, नुसता क्षारयुक्त द्रावणात. २०२३ मध्ये त्याचे निकाल आले: उपचार घेणारे अवघे सात रुग्ण, त्यामुळे गुण किती आला यावर बोलण्यात अर्थ नाही, पण गंभीर अपाय दिसला नाही.

दुसरी वाट श्वासाची. फुप्फुसातून निघालेलं रक्त सर्वांत आधी हृदयाच्या डाव्या बाजूला येतं आणि तिथून बाहेर पडताना पहिला फाटा हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांचा. इटलीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये याचा फायदा घेतला. कॅल्शियम फॉस्फेटचे, म्हणजे हाडाच्या जातकुळीचे, पन्नास नॅनोमीटरपेक्षा लहान कण त्यांनी उंदरांना हुंगवले आणि त्यातला माल हृदयात पोचला. माल आरएनए नव्हता, प्रथिनाचा छोटा तुकडा होता. वाट मात्र मोकळी आहे हे कळलं.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात कण हृदयाकडे जातच नाही. हार्ट अटॅकनंतर मेलेल्या स्नायूतून रासायनिक हाकाटी होते आणि पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. काहीशी सफाई गरजेची असते, पण गर्दी जास्त झाली की चांगल्या स्नायूचंही नुकसान होतं. २०११ मध्ये बोस्टनमधल्या संशोधकांनी या पेशींना ती हाक ऐकू येणारा ‘कान’च बंद करणारा आरएनए कणात भरला. कण प्लीहेत गेले, तिथे थांबलेल्या पेशींनी ते गिळले, आणि मग त्या हृदयाकडे फारशा धावल्याच नाहीत. उंदरांच्या हृदयातला मेलेला भाग लहान राहिला.

याच धाटणीचं २०२२ मधलं काम तर विलक्षण आहे. हृदयात व्रण घालणाऱ्या तंतुपेशी कधी कधी थांबतच नाहीत, स्नायूत तंतूंचं जाळं वाढत जातं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने आधी, २०१९ मध्ये, कर्करोगात वापरतात तशा प्रशिक्षित टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, या तंतुपेशींवर सोडून पाहिल्या होत्या. उंदरांत जाळं कमी झालं. पण प्रशिक्षित टी-पेशी शरीरात वर्षानुवर्षं राहू शकतात, आणि उद्या कुठे जखम झाली तर ती भरायला याच तंतुपेशी लागणार. कायमचा पहारा परवडणारा नव्हता. म्हणून त्यांनी टी-पेशी शरीराबाहेर काढून बदलायच्या सोडून दिल्या. नॅनोकणावर टी-पेशी ओळखणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) चिकटवलं, आत शिकवणीचा संदेशवाहक आरएनए भरला आणि कण रक्तात सोडले. टी-पेशींनी कण गिळले, काही दिवस तंतुपेशींची शिकार केली, हृदयाचं काम सुधारलं. आरएनए संपल्यावर त्या सगळं विसरून पूर्ववत झाल्या. निरोप पोचला आणि निरोप घेतलाही.

थोडा वेळ म्हणजे किती

विषाणूंचं वाहन टाकाऊ आहे असं नाही. हृदयाच्या स्नायूत शिरण्यात काही विषाणू आजच्या कणांपेक्षा सरस आहेत. पण अनेकांच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध आधीच प्रतिपिंडं असतात, दुसरी मात्रा देणं अवघड होतं, आणि थांबवायची सोय नाही हे डुकरांनी दाखवलंच. यशाचीही खात्री नसते: हार्ट फेल्युअरच्या २५० रुग्णांवरची, कॅल्शियम उपसणाऱ्या प्रथिनाचं जनुक विषाणूतून देणारी मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, फायदा दिसला नाही.

कणांचाही दोष सांगतो. संदेशवाहक आरएनए काही दिवसांत संपतो, म्हणजे लांबणाऱ्या आजारात पुन्हा पुन्हा द्यावा लागणार. पुन्हा दिला की पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या त्या शेपटीविरुद्ध शरीर प्रतिपिंडं बनवू शकतं आणि पुढचे कण रक्तातून लवकर काढून टाकू शकतं. वर मात्रेचा प्रश्न आहेच. हृदयात पोचणारा वाटा वाढवायला मात्रा वाढवावी तर यकृतावरचा भार त्याच पटीत वाढतो. म्हणून ‘नॅनोकणांनी हृदय दुरुस्त’ अशी बातमी दिसली की मी आधी दोन गोष्टी शोधतो: प्राणी कुठला, आणि यकृतात किती गेलं. दुसरीचं उत्तर बातमीत सहसा नसतं.

डुकरांवरचा प्रयोग करणाऱ्यांपैकी मौरो जाक्का यांच्या गटाने त्याच्याही दोन वर्षं आधी, २०१७ मध्ये, आणखी एक प्रयोग केला होता, त्याची चर्चा कमी झाली. तेच मायक्रोआरएनए-१९९ए, पण विषाणूतून नाही. प्रयोगशाळेत बनवलेली त्याची नक्कल स्निग्ध रेणूंत मिसळून उंदरांच्या हृदयात एकदाच टोचली. हार्ट अटॅकनंतरची दुरुस्ती सुधारली, आणि नक्कल संपल्यावर विभागणी चालू ठेवायला मागे जनुक उरलं नव्हतं. उंदराचं हृदय जेमतेम दीडशे मिलिग्रॅमचं, एक टोचणी बऱ्याच स्नायूला पुरते. माणसाचं हृदय त्याच्या दोन हजारपट जड. तीच चिठ्ठी तेवढ्या मोठ्या स्नायूत सगळीकडे सारखी पसरवणारा कण अजून बनायचा आहे.